जखम मांडीला, सिलिकॉन शेंडीला: जुन्या गाडीची गळती बुजवायच्या सामानाचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. जुन्या गाडीत पाणी येत असेल तर पैसे टाकायला सगळ्यांत चांगली वस्तू ब्युटाइल टेप, म्हणजे कधी न सुकणारी चिकट पट्टी. त्याखालोखाल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा सीम सीलर, पत्र्याचे सांधे भरायचा. काचेचं आणि दारांचं रबर नवं घ्यायचं तर ईपीडीएम या कृत्रिम रबराचंच. बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते आंबूस वासाचं सिलिकॉन फुकट मिळालं तरी गाडीला लावू नये. आणि या सगळ्याच्या आधी जे लागतं ते घरातच असतं: बागेची नळी, टॉर्च, टाल्कम पावडर आणि आठवड्याची रद्दी.

सामानापेक्षा शोध महत्त्वाचा का, हे पुण्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. पाणी मुरतं गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यात आणि डाग उमटतो हॉलच्या पंख्याजवळ. गाडीचंही तेच. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी काचेच्या बाजूच्या खांबाच्या पोकळीतून उतरतं आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली दिसतं. छताच्या पन्हळीचा सांधा फुटला की ओली होते ती मागच्या सीटची गादी. मागच्या दिव्याचं गॅस्केट गेलं की डबकं साठतं स्टेपनीच्या खड्ड्यात. ओल दिसली तिथेच ट्यूब पिळणाऱ्याचे पैसे तर जातातच, शिवाय आत आलेलं पाणी बाहेर पडायची फटही तो बुजवून बसतो. मग पत्रा आतून कुजायला लागतो.

नळी, पावडर, रद्दी

गाडी आतून उघडी केल्याशिवाय तपासणीला हात घालू नये. सीट, गालिचा, गालिच्याखालचा फेल्ट, दारांचे पॅड, डिकीतली चटई, स्टेपनी, सगळं बाहेर. फेल्ट तसाच ठेवून केलेली तपासणी फुकट जाते. ज्यूटचा जुना फेल्ट पाणी ओढून घेतो आणि दोन फूट पलीकडे नेऊन सोडतो. पत्रा कोरडा पुसावा, दारं उघडी ठेवून रात्रभर वाळू द्यावा. मग गाडीच्या फरशीवर रद्दीचे कागद एकेरी पसरायचे आणि उभ्या भागांवर, म्हणजे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), खांबांच्या तळाशी, डिकीच्या कडांना, टाल्कम पावडर थापटायची. पाणी ओघळलं की पावडरीत रेघ उमटते. रेघेच्या वरच्या टोकाला बघा, खालच्या टोकाशी आपलं काही काम नाही.

एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेर नळी धरायची. नळीचं तोंड मोकळं हवं, स्प्रेचं नोझल नको. धार किती? नळी आभाळाकडे धरली तर पाणी चार बोटं वर यावं, एवढीच. सुरुवात खालून: चाकाची कमान आणि फरशी, मग दाराचा तळ, दाराचं रबर, मग काचेखालची जाळी, वायपरचे दांडे, काच आणि सगळ्यात शेवटी छताची पन्हळ. मागच्या बाजूला हाच क्रम दिवे, डिकीचं रबर, मागची काच असा. एका जागी किमान ५ मिनिटं, पन्हळीच्या सांध्याला १० मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी पाच जागांवरून वाहतं आणि आत थेंब पडला तरी कोणत्या जागेचा ते कळत नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या प्रेशर वॉशरने ही तपासणी करू नये. चांगल्या रबराची कडही ती धार उचलते आणि नसलेली गळती सापडते.

सपाट जागेवर कोरडी राहिलेली गाडी उतारावर गळू शकते. सहकारनगर किंवा बिबवेवाडीच्या चढावर रोज नाक खाली करून उभी राहणारी गाडी पार्किंगच्या सपाट फरशीवर तपासली तर निकाल चुकीचा येणारच. पुढची किंवा मागची दोन चाकं फळ्यांवर चढवून पुन्हा एकदा पाणी घाला.

नळी हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारला की निम्मा शोध संपतो: ओल कधी येते? उभ्या गाडीवर पाऊस पडला की येत असेल तर काच, पन्हळ, जाळी. ओल्या रस्त्यावर चालवली की येत असेल तर चाकांच्या कमानी, फरशीचे बूच, गंजलेली भोकं. फक्त एसी लावल्यावर येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय किंवा निसटलीय. पद्मिनी-अॅम्बेसेडरला नंतर बसवलेल्या एसीत हे फार होतं, कारण ती नळी बसवणाऱ्याने सोयीने वाकवलेली असते. ओल चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर ते पावसाचं पाणी नाहीच, हीटरच्या जाळीतून येणारं कूलंट आहे. वासावरच ओळखा, जिभेला लावू नका. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं.

पावसाळा सुरू व्हायला वेळ असेल तर धूळ वाचायला शिका. उन्हाळ्यात डिकीच्या रबराच्या आतल्या बाजूला जिथे बारीक मातीची रेघ धरते, तिथूनच जुलैत पाणी येणार. ज्या गाडीला ब्लोअर आहे तिच्या काचा बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण सोडावा आणि बाहेरून रबरांवर साबणाचं पाणी फासावं. फट असेल तिथे फुगे येतात. ब्लोअर नसेल तर रात्री गाडीत लख्ख दिवा ठेवून बाहेरून फिरावं. हे सोपं आहे, पण वळणावळणाच्या फटी यात दिसत नाहीत. उदबत्तीचा धूर दाराच्या कडेने फिरवणं हा मधला मार्ग, वारा पडलेला असेल तरच.

जी भोकं बुजवायची नसतात

सामानाकडे वळण्याआधी हे सांगणं भाग आहे. गाडीत पाणी शिरणं हा दर वेळी दोष नसतो. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दारात जातंच, काचेखालच्या जाळीतूनही जातं. गाडी तशीच बनवलेली असते. दोष असतो तो पाणी बाहेर न पडण्यात. आणि यावरचं सगळ्यांत चांगलं अवजार म्हणजे गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, २.५ ते ३ मिमी जाडीची, हातभर लांब. टोक मेणबत्तीवर जरा वितळवून गोल करून घ्यायचं, म्हणजे ते रबराच्या नळीला भोक पाडत नाही.

काचेखालच्या जाळीखाली असलेल्या टाकीत एक लिटरचा तांब्या हळूहळू ओता. पाणी दोन्ही बाजूंनी, चाकांच्या मागे, लगेच खाली पडलं पाहिजे. थांबून थांबून पडत असेल तर निचरा तुंबलाय. पुण्यात याचा मुख्य आरोपी गुलमोहर. त्याची पानगळ इतकी बारीक की कोणत्याही जाळीतून आरपार जाते, खाली धुळीशी कालवली जाते आणि निचऱ्याच्या चपट्या तोंडाच्या रबरात लगदा होऊन बसते. टाकी भरली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट आत. अशा गाडीला काचेभोवती कितीही सीलंट भरा, काही फरक पडत नाही. हे चपटं रबर कडक झालं असेल तर नवं लावावं, कापून उघडं ठेवू नये. त्यातून इंजिनची उष्ण हवा आणि धूळ वर येते.

दाराच्या तळाला साधारण तीन-चार निचऱ्याच्या खाचा असतात. पेंटरने किंवा अंडरबॉडी कोटिंगवाल्याने त्या भरून टाकलेल्या असणं हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा आजार. दार हलवून आत पाणी डुचमळतंय का ऐका. खाचा मोकळ्या करताना स्क्रूड्रायव्हर नको, बांबूची काडी घ्या. उघडा पडलेला पत्रा गंजलेला दिसला तर आधी रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग प्रायमर.

ब्युटाइल टेप: डोळे मिटून घ्या

काळा किंवा राखाडी, च्युइंगगमसारखा, कागदी पट्टीवर गुंडाळलेला. तो कधी सुकत नाही, कडक होत नाही आणि पुन्हा उघडायचं झालं तर पाते घालून सोडवता येतो. रिस्टोरेशनमध्ये प्रत्येक वस्तू निदान दोनदा उघडावी लागते, त्यामुळे हा शेवटचा गुण सोन्यासारखा. चपटी पट्टी आणि गोल दोरा अशा दोन रूपांत मिळतो. मागचे दिवे, इंडिकेटर, साइड व्हेंट, अँटेनाचा पाया यांना चपटी. दाराच्या प्लास्टिकला ६ ते ८ मिमीचा गोल दोरा.

दाराच्या प्लास्टिकवर जरा थांबतो, कारण गालिचा ओला होण्याचं हे सगळ्यांत दुर्लक्षित कारण. पॅडच्या मागे एक पातळ कागद किंवा प्लास्टिक असतं. काच वर-खाली करायची मशीन दुरुस्त करताना कुणीतरी ते फाडतं आणि परत लावत नाही. मग काचेवरून दारात ओघळणारं पाणी खाचेतून खाली जाण्याऐवजी पॅडच्या मागून उंबऱ्यावर येतं. पॅडचा खालचा हार्डबोर्ड फुगलेला दिसला की समजा, प्लास्टिक गेलंय. नवं करायला ५०० गेजची, म्हणजे १२५ मायक्रॉनची पॉलिथिन शीट घ्या. जुना पॅड साचा म्हणून वापरून चहूबाजूंनी ३० मिमी जास्त कापा. हँडल आणि काचेच्या मशीनच्या दांड्यांसाठी भोक पाडू नका, फुलीसारखी छोटी चीर द्या. दाराच्या पत्र्यावर ब्युटाइलचा दोरा एकसंध फिरवा, सांधा वरच्या बाजूला. खालची कड मात्र पत्र्यावर चिकटवून मोकळं व्हायचं नाही. ती दाराच्या तळाच्या फटीतून आत, निचऱ्याच्या दिशेला वळवून सोडायची. घरावरचे कौल जसे एकावर एक चढवतात तसं: वरच्या पाण्याने खालच्याच्या अंगावरून बाहेर जायला हवं. ही एक घडी चुकली की बाकी सगळं नीट करूनही पाणी शीटच्या मागून घरंगळत आत येतं.

लावण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण उडू द्या. ओल्या किंवा पॉलिश मारलेल्या पत्र्यावर ब्युटाइल धरत नाही. दिवा बसवताना टेप बोल्टच्या भोकाभोवतीही वेढून घ्या, पाणी बोल्टच्या आट्यांतूनही आत चालत येतं. बोल्ट एका दमात करकचून आवळू नका. अर्धा आवळा, १५ मिनिटं थांबा, मग उरलेला. टेप हळूहळू पसरतो, घाई केली तर प्लास्टिकचा दिवा तडकतो. बाहेर आलेला माल चाकूने कापा आणि हाताला-रंगाला लागलेला माल त्याच ब्युटाइलच्या गोळीने टिपून काढा. थिनरने पुसायला गेलात तर नुसता पसरतो.

दोष सांगायचा तर उष्णता. एप्रिलमधल्या उन्हात बंद गाडीत तो मऊ पडतो आणि उभ्या फटीतून जाड थर खाली सरकतो. म्हणून जिथे दोन्ही बाजूंनी दाब आहे तिथेच तो वापरावा. उघड्या सांध्यावर नुसता थापायची ही वस्तू नव्हे.

पीयू सीम सीलर: उत्तम, पण मिजास सांभाळावी लागते

पत्र्यावर पत्रा ठेवून स्पॉट वेल्ड केलेला प्रत्येक सांधा कारखान्यात सीलरने भरलेला असतो. तीस-चाळीस वर्षांत तो वाळतो, तडकतो. छताची पन्हळ, चाकांच्या कमानी, फायरवॉलचे कोपरे, डिकीचा तळ या जागा पीयूच्या. तो हवेतल्या ओलाव्यावर जमतो, जमल्यावर रबरासारखा लवचीक राहतो आणि त्यावर रंग बसतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा पीयूला मत.

साधारण ३१० मिलिलीटरच्या नळीतून ६ मिमीची गोल धार काढली तर हिशेबाने सुमारे ११ मीटर निघते. वाया जाणारा माल धरून ८ ते ९ मीटर समजा. छोट्या गाडीच्या दोन्ही पन्हळींना एक नळी पुरते आणि थोडी उरते. उरलेली मात्र टिकत नाही. एकदा सील फोडलं की तोंडातून जमायला लागते, तोंडात खिळा खुपसून फार तर काही दिवस. म्हणून सगळे सांधे साफ करून, प्रायमर मारून तयार ठेवा आणि मगच नळी फोडा. दुकानात घेताना तळाची तारीख बघा आणि नळी दाबून बघा. गठ्ठा लागला तर परत ठेवा. पडून राहिलेला माल नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर निमूटपणे पुढे केला जातो, तारीख विचारणाऱ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलंही जातं. बघू द्या.

पन्हळीचं काम असं. जुना सीलर ओरबाडून पूर्ण काढायचा, तडा गेला तेवढाच नव्हे. त्याच्याखाली तपकिरी गंज असतोच, तो वायर ब्रशने घासायचा, कन्व्हर्टर लावून सांगितलेला वेळ वाळू द्यायचा, मग इपॉक्सी प्रायमर. उघड्या पत्र्यावर किंवा गंजावर मारलेला पीयू दिसायला घट्ट असतो आणि खालून पाणी धरून ठेवतो. नळीचं तोंड ४५ अंशांत कापा, भोक ५ ते ६ मिमी. धार एका दमात ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने सांध्यात दाबून बसवा. इथे एक चूक नेहमी होते: बोट गुळगुळीत फिरावं म्हणून स्पिरिट किंवा अल्कोहोल लावतात. ओल्या पीयूला अल्कोहोल लागलं की त्याचं जमणं बिघडतं आणि वरचा थर कायम चिकट राहतो. पुसायला वापरलेलं अल्कोहोलही पूर्ण उडाल्यावरच सीलर मारा.

वरची साय अर्ध्या ते एक तासात धरते, पण आत तो २४ तासांत साधारण २ ते ४ मिमीच जमतो. जाड भरलेल्या कोपऱ्याला तीन दिवस द्या. साय धरली म्हणून संध्याकाळी नळीने पाणी मारायचं नाही. रंगाशिवाय उन्हात सोडला तर तो पिवळा पडून वरून पिठासारखा होतो. हातमोजे घाला, हाताला लागलेला पीयू साबणाने जात नाही, चामडी बदलेपर्यंत राहतो. पन्हळीच्या टोकाला जिथे पाणी खाली सांडतं, ती जागा भरू नका. उत्साहात तीही बुजवणारे आहेत, मग पाणी दाराच्या डोक्यावर साचतं.

पिंपरीत जन्मलेल्या टाटा सिएराची, १९९१ च्या त्या पहिल्या सिएराची, मागची बाजूची काच वळून छतापर्यंत जाते. तिची वरची कड जवळजवळ आडवी असल्याने तिथे पाणी वाहत नाही, बसून राहतं. अशा कडेला नुसती वरून धार मारून भागत नाही, काच काढून बैठक साफ करावीच लागते. आकुर्डीत बनलेल्या मॅटाडोर व्हॅनला कॅम्पर करणाऱ्यांनी छताला व्हेंट कापताना त्याखाली ब्युटाइल आणि बाहेरच्या कडेला पीयू असा दुहेरी बंदोबस्त करावा.

काचेचं रबर

पद्मिनी, अॅम्बेसेडर, जिप्सी यांची पुढची काच रबरात बसते, गोंदाने चिकटत नाही. या रबराला एका बाजूला काचेची खाच, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या कडेची खाच, आणि काही रबरांना मध्ये बीडिंग, म्हणजे बारीक पट्टी, सरकवायची तिसरी. बीडिंग नुसती शोभेची नसते, ती रबर फुगवून काचेवर दाबते. ती निघालेली किंवा आखडलेली असेल तर नवं रबरसुद्धा गळतं.

नाना पेठेत एकाच गाडीचं रबर दोन-तीन प्रतींचं मिळतं. घेताना रबर दुमडून चिमटीत घट्ट दाबा. दुमडीवर केसासारख्या चिरा दिसल्या तर तो माल जुना किंवा हलका. कोपरे साच्यात ओतलेले आहेत की सरळ पट्टी चिकटवून जोडलेली, ते बघा. जोडलेला कोपरा पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. जुनं रबर सोबत घेऊन जा आणि काउंटरवरच दोन्हींचा कापलेला छेद शेजारी धरा. एक मिलिमीटरचा फरकही पाणी आणतो. साध्या नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतला ओझोन फार लवकर चिरतात, ईपीडीएम टिकतं.

रबर उतरवल्यावर पत्र्याची कड बघा. खालचे दोन कोपरे खाल्लेले असणारच. तिथे पत्रा नीट केल्याशिवाय रबर लावणं म्हणजे दारावर नवं तोरण आणि आत उंबरा कुजलेला. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कड जाड करू नका, खाच तेवढी रुंद नसते आणि रबर कोपऱ्यात उचललं जातं.

बसवायची रीत: रबर अर्धा तास उन्हात ठेवा, काचेभोवती चढवा, पत्र्याच्या खाचेत ४ मिमीची नायलॉन दोरी सगळीकडून फिरवा आणि दोन्ही टोकं खालच्या मधोमध १५ ते २० सेंटीमीटर एकमेकांवरून जाऊ द्या. खाचेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने ईपीडीएम फुगतं. एकजण बाहेरून तळव्याने दाबतो, आतला दोरी काचेला समांतर ओढत जातो आणि रबराचा ओठ पत्र्यावर उलटत जातो. कोपऱ्यात अडलं तर दोरी ओढत राहू नये, थांबून साबण लावावा. काच फुटते ती नेहमी हट्टाने ओढल्यावर. तिसरा माणूस असेल तर उत्तम, तो फक्त वरची कड धरून ठेवतो.

शेवटी सीलंट, आणि तो इथे पीयू नव्हे. रबर आणि पत्रा, तसंच रबर आणि काच यांच्यामध्ये कधीही न सुकणारा मॅस्टिक भरायचा. नळीचं चपटं तोंड ओठाखाली घालून फिरवायचं, दाबून जास्तीचा बाहेर काढायचा. पीयू भरला तर पुढच्या वेळी काच काढताना रबर कापावं लागतं आणि काचेचाही भरवसा नाही. नवं रबर नीट बसलं असेल तर पाण्याची तपासणी मॅस्टिकशिवाय एकदा करून बघा. तेव्हा धो धो गळत असेल तर रबराचं माप चुकलंय. मॅस्टिक ते झाकेल, बरं करणार नाही.

दाराचं रबर, ग्रॉमेट आणि छोटी काच

दाराचं रबर फुटावर मिळतं. घ्यायचं ते आत धातूचा कणा असलेली पकड आणि वर स्पंजाची पोकळ नळी, असं. चार ठिकाणी कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघा: सरसर निघाली तर दाब नाही, फाटली तर दाब जास्त. मग रबरावर खडूची पूड लावून दार एकदा बंद करा. पत्र्यावर जिथे खडूची रेघ तुटते तिथे फट. पण रेघ तुटली की लगेच जाड रबर आणायला धावू नका. आधी दाराच्या बिजागरी आणि लॉकचा खुंटा बघा. जुन्या दाराची वरची बिजागरी झिजून दार मागच्या टोकाला खाली बसलेलं असतं. जाड रबर लावलं की दार आपटावं लागतं आणि महिन्याभरात स्पंज चेपतो. रबर लावताना ताणायचं नाही. उलट ५ ते १० मिमी जास्त कापून सांध्यात दाबायचं. सांधा तळाला, वर कधीच नाही.

ज्या पद्मिनींना पुढच्या दारात फिरणारी छोटी तिकोनी काच आहे, तिथलं रबर वेगळं घ्यावं लागतं आणि सगळ्यांत त्रासदायक तेच. नवं चांगलं मिळालं नाही तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात अख्खी फ्रेम शोधावी. सुट्या रबराने त्या कोपऱ्याचं समाधान होत नाही.

फायरवॉलचे ग्रॉमेट, म्हणजे वायरी-केबल जातात त्या भोकांतल्या रबरी कड्या, स्वस्त असतात, सगळे एकदम बदला. वायरिंगचा जुडगा, स्पीडोमीटरची केबल, क्लच केबल, बॉनेटची केबल. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशी गळतो, केबलवरून आत चालत येत नाही.

पैसे वाया घालवायच्या वस्तू

आंबूस वासाचं सिलिकॉन जमताना अॅसेटिक आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला गंज तिथूनच लागतो. शिवाय त्याचा अंश राहिला की पुढचा रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा फुटतो, आणि तो अंश घासूनही जाता जात नाही. इपॉक्सीच्या दोन पुड्या कालवून करतात ती लांबी पाइपावर चांगली. गाडीचे सांधे हलतात, ती हलत नाही, मग कडेने केसाएवढी चीर पडते. डांबर गंज झाकतं, एवढंच. छतावर मारायची वॉटरप्रूफिंग पट्टी चंदेरी असते म्हणून फरशीला लावणारे आहेत, त्यांना शुभेच्छा.

काम बाहेर द्यायचं असेल तर

काच बसवणारे कारागीर पुण्यात चांगले आहेत, त्यांना काच जरूर द्या. गळती शोधण्याचं काम मात्र देताना तीन गोष्टी विचारा. सीट आणि गालिचा तुम्ही काढणार का? पाणी खालून वर मारणार का? आणि रबर काढल्यावर पत्र्याचा फोटो द्याल का, नवं लावायच्या आधी? ‘साहेब, वॉटरप्रूफ करून देतो’ एवढंच उत्तर आलं तर तो ट्यूब पिळणार. सीलंटचा ब्रँड सांगायला काचकूच करणाऱ्याकडेही गाडी सोडू नये. पत्र्याचं काम, रंग आणि गळती एकाच माणसाला देणार असाल तर क्रम लिहून घ्या: पत्रा, प्रायमर, सीम सीलर, रंग, मग रबर. रंगाच्या आधी रबर चढवून कडेने मास्किंग टेप लावणारे पेंटर असतात, त्यांच्या गाडीचा पत्रा रबराखाली कोराच राहतो.

सगळं झाल्यावर गालिचा लगेच घालू नका. उघड्या पत्र्यावर पुन्हा रद्दी पसरा आणि दोन-तीन जोरदार सरी तशाच जाऊ द्या, एक उतारावर. मग फेल्टच्या जागी ज्यूट नको, बंद पेशींचा फोम घ्या, ५ ते ६ मिमी जाडीचा. तो पाणी पीत नाही. आणि तो पूर्ण चिकटवू नका, फक्त कडांना चार ठिकाणी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये कोपरा उचलून खाली हात घालून बघता येतो.